ऐकणाऱ्या पेशी : मूत्रपिंड, संप्रेरके आणि त्यांचे ग्राही

आईने मुलाला मूत्रपिंड दिले, तर ते मुलाच्या कमरेमागे मूळ जागी बसवत नाहीत. ओटीपोटात एका बाजूला ठेवतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना त्याची धमनी आणि शीर जोडतात, मूत्रवाहिनी मूत्राशयाला शिवतात. मज्जातंतू मात्र कोणी जोडत नाही. आईच्या शरीरातून मूत्रपिंड काढतानाच ते कापले गेलेले असतात आणि पुढे काही प्रमाणात वाढले तरी त्याला बराच काळ लागतो. असे असूनही, विशेषतः जिवंत दात्याच्या मूत्रपिंडातून, पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू होते. काही आठवड्यांत ते नव्या शरीराची गरज ओळखून वागू लागते. मुलगा पाणी कमी प्यायला तर लघवी घट्ट करते, त्याने खारट खाल्ले तर मीठ जास्त बाहेर टाकते, रक्तातले पोटॅशियम वाढले तर तेही काढून टाकते. आईच्या पेशी मुलाच्या पियूषिका ग्रंथीचे आणि अधिवृक्क ग्रंथीचे ऐकू लागतात. मेंदूकडून एकही तार आलेली नसताना हे कसे जमते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

निरोप रक्तातून येतो, हे उत्तर शाळेतही शिकवतात. पण ते अर्धे उत्तर आहे. रक्त सगळीकडे जाते, त्यामुळे संप्रेरकही सगळीकडे जाते. व्हॅसोप्रेसिनचे रेणू यकृतात, त्वचेत, हृदयात आणि मूत्रपिंडात सारखेच पोचतात. त्यांना दाद देणाऱ्या पेशी मात्र ठरावीक असतात, कारण त्या रेणूला धरणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, त्याच पेशींजवळ असतो. अँजिओटेन्सिन रक्तवाहिनी आवळते, अधिवृक्क ग्रंथीला आल्डोस्टेरॉन स्रवायला लावते, मूत्रपिंडाच्या नलिकेला सोडियम परत घ्यायला लावते आणि मेंदूत तहान जागी करते. रेणू एकच असतो. तो कुठल्या पेशीच्या ग्राहीला भेटला, यावर त्याचा अर्थ ठरतो. आपल्याकडची पाठ्यपुस्तके संप्रेरकांची यादी देतात, प्रत्येकापुढे त्याची कार्ये लिहितात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. ग्राहीपासून सुरुवात केली तर यातले बरेचसे पाठ करावे लागत नाही, ते समजते. या मतावर आमचा ठाम विश्वास आहे आणि पुस्तकाची मांडणी त्यावरच केली आहे.

आधी कामाचा आवाका पाहू. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभर किंवा थोडा जास्त. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि त्यातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते दीड लिटर. बाकीचे सगळे गुच्छापुढच्या नलिका परत घेतात. या १८० लिटरमध्ये जवळजवळ दीड किलो मीठ विरघळलेले असते, आणि आपल्या रोजच्या जेवणात मीठ असते दहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दीड किलोतून जेवढे खाल्ले साधारण तेवढेच रोज बाहेर गेले पाहिजे. हिशेबात एका टक्क्याची चूक झाली तर दिवसाला १५ ग्रॅम मीठ शरीरात साठेल. सलाइनच्या बाटलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, त्या मापाने त्याच्याबरोबर दीड लिटरहून जास्त पाणीही साठेल. आठवडाभरात माणूस सुजेल, त्याला धाप लागेल.

ही चूक होत नाही. गाळण्याचे काम मुख्यतः रक्तदाबावर चालते. परत घेण्यातला दोन तृतीयांश भाग नलिकेचा पहिला तुकडा उरकतो, त्यानंतरचा केसाच्या आकड्यासारखा वळलेला भाग उरलेल्यातला मोठा वाटा उचलतो. शेवटच्या तुकड्यांपर्यंत गाळलेल्या सोडियमपैकी फार तर दहा टक्के पोचते. हिशेब जुळतो तो या शेवटच्या टप्प्यात, आणि संप्रेरकांचा शब्द सर्वांत जास्त चालतो तोही इथेच.

ही समज यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. मूत्रपिंड गाळते की स्रवते, या वादात एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध गेला. १८४२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बोमनने गुच्छाभोवतीच्या पिशवीचे वर्णन केले. त्याच सुमाराला जर्मनीत कार्ल लुडविगने मत मांडले की गुच्छातून दाबाने द्रव गाळला जातो आणि पुढे त्यातला बराचसा परत शोषला जातो. ब्रेस्लाउचा रुडॉल्फ हायडेनहाइन मात्र नलिकांच्या पेशी स्वतः पदार्थ बाहेर टाकतात यावर अडून राहिला. १९२०च्या दशकात फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या एकेका नेफ्रॉनमध्ये काचेची सूक्ष्म नळी घालून आतला द्रव काढला आणि तपासला, तेव्हा गाळण्याचा पुरावा हाती आला. बाल्टिमोरला ई. के. मार्शलने नलिका काही पदार्थ स्रवतात हेही दाखवले. पुढे न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथने मूत्रपिंड एका मिनिटात किती रक्तद्रव स्वच्छ करते हे मोजण्याची पद्धत रुळवली. आज प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली जो ‘जीएफआर’चा, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा, आकडा छापलेला असतो, तो याच परंपरेतून आला.

या घराण्याचे ऋण मोठे आहे. पण त्याने मूत्रपिंडाकडे यंत्र म्हणून पाहिले. यंत्राला कोण सांगते, हा प्रश्न दुसऱ्या वाटेने आला.

१८९८ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेड आणि त्याचा तरुण सहकारी पेर बेर्गमन यांनी सशांच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून तो दुसऱ्या सशांच्या शिरेत टोचला. रक्तदाब चढला. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागाचा अर्क दाब वाढवत होता, आतल्या भागाचा नाही, एवढे त्यांनी काटेकोरपणे पाहिले आणि त्या अज्ञात द्रव्याला रेनिन नाव दिले. पुढे टिगरस्टेड दुसऱ्या कामाकडे वळला, इतरांना तो प्रयोग नीट साधला नाही आणि शोध तीनेक दशके पडून राहिला. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाटने कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चांदीचा चिमटा लावून ती अरुंद केली, तेव्हा कुत्र्याचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. आता सगळ्यांना टिगरस्टेड आठवला. अर्जेंटिनात ब्राउन-मेनेन्डेझ यांचा गट आणि अमेरिकेत अर्व्हिन पेज यांचा गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रेनिनमुळे रक्तात तयार होणाऱ्या एकाच रेणूपर्यंत पोचले. एकाने त्याला हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्याने अँजिओटोनिन. १९५०च्या दशकाच्या अखेरीस दोघांनी समजुतीने दोन्ही नावांचे तुकडे जोडून अँजिओटेन्सिन हे नाव घेतले. वैज्ञानिक भांडण इतक्या उमदेपणाने क्वचितच मिटते.

पाण्याची वाट वेगळी होती. १९१३ मध्ये जर्मनीत आणि इटलीत दोन डॉक्टरांना दिसले की ज्यांना दिवसाला दहा-दहा लिटर लघवी होते अशा रुग्णांना पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला की लघवी कमी होते. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये अर्नेस्ट व्हर्नीने कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची तीव्रता अगदी एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटते. मिठाची वाट आणखी तिसरी. आल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट या जोडीने, बाझेलच्या रसायनतज्ज्ञांच्या साहाय्याने, वेगळे काढले. ही तीन संप्रेरके तीन वेगळ्या वाटांनी शोधली गेली. मूत्रपिंडवाल्यांकडे ती बाहेरून आली, आणि या क्षेत्रातला बराच गोंधळ त्यातून निर्माण झाला.

ग्राहीची कल्पना तशी जुनी. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्लीने पेशीत एखादे ‘ग्रहण करणारे द्रव्य’ असले पाहिजे असे लिहिले. पॉल एर्लिखही त्याच दिशेने विचार करत होता. पण पुढची सहा-सात दशके ग्राही कोणी पाहिला नव्हता. तो आहे असे धरून चालले की हिशेब जुळतात, एवढेच. मूत्रपिंडात तो शोधणे आणखी कठीण, कारण नेफ्रॉनचे तुकडे एकमेकांत गुंतलेले. अख्ख्या मूत्रपिंडाचा लगदा करून तपासला तर कुठला ग्राही कुठल्या तुकड्यातला हे कळणार कसे?

अडचणीतून दोन मार्ग निघाले. पहिला टोड नावाच्या भेकाच्या मूत्राशयातून. त्या पातळ पडद्यातून सोडियम आणि पाणी थेट जाते-येते, आणि ते व्हॅसोप्रेसिनचे तसेच आल्डोस्टेरॉनचे ऐकते. तो दोन काचपात्रांमध्ये ताणून बसवला की मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकेचा नमुना तयार. व्हॅसोप्रेसिनचा निरोप पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा लहान रेणू पोचवतो, आणि आल्डोस्टेरॉनला परिणाम दाखवायला तास-दीड तास लागतो कारण पेशीला आधी नवी प्रथिने बनवावी लागतात, या दोन्ही गोष्टी १९६०च्या दशकात या पडद्यावर स्पष्ट झाल्या.

दुसरा मार्ग हातकौशल्याचा. अमेरिकेत मॉरिस बर्ग यांनी सशाच्या मूत्रपिंडातून नलिकेचा एकेक तुकडा सोडवून, जिवंत ठेवून, त्यातून द्रव वाहवण्याचे तंत्र १९६६ मध्ये मांडले. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा मोरेल यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या पुढची मजल मारली. तिथले संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली नेफ्रॉन सुट्टा करायचे, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगवेगळी संप्रेरके देऊन कुठे सायक्लिक एएमपी तयार होते ते मोजायचे. तुकड्याची लांबी मिलिमीटरच्या आसपास, त्यात तयार होणारा रेणू अत्यल्प. १९७०च्या दशकात या चिकाटीतून नेफ्रॉनचा पहिला नकाशा तयार झाला. परावटू संप्रेरकाला दाद देणारे तुकडे कुठले, कॅल्सिटोनिनचे कुठले, व्हॅसोप्रेसिनचे कुठले, हे त्यात मांडलेले होते. एकाच नलिकेत, एकमेकींना खेटून असलेल्या पेशींचे कान इतके वेगळे असतात हे पहिल्यांदा दिसले. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत कमी गाजलेले मोठे काम हेच. आज एकेका पेशीतली जनुके वाचणारी यंत्रे आहेत आणि त्यांनी मोरेल यांचा नकाशा पुष्कळ बारीक केला आहे, पण त्याच्या मुख्य रेषा टिकल्या आहेत.

या नकाशातली दोन स्थळे जवळून पाहू. बाकीची पुस्तकात भेटतील.

पहिले स्थळ संग्राहक नलिकेतली, म्हणजे नलिकेच्या शेवटच्या तुकड्यातली, मुख्य पेशी. तिच्या रक्ताकडच्या बाजूला व्हॅसोप्रेसिनचा ग्राही असतो, त्याचे नाव व्ही-२. पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर शिवलेले हे प्रथिन. ज्या कुटुंबातले ते आहे त्यावरच्या कामाला २०१२चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळाले. व्हॅसोप्रेसिन ग्राहीवर बसले की पेशीत सायक्लिक एएमपी वाढते आणि पेशीच्या आत इवल्या पिशव्यांत साठवून ठेवलेली पाण्याची द्वारे, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-२ नावाची प्रथिने, मिनिटांच्या आत लघवीकडच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. पाणी त्यांतून आत शिरते आणि रक्ताकडे जाते. संप्रेरक हटले की द्वारे पुन्हा आत ओढली जातात. पाण्याला स्वतंत्र द्वारे असतात हे पीटर अ‍ॅग्रे यांनी तांबड्या रक्तपेशींवरच्या कामातून दाखवले, त्यासाठी त्यांना २००३चे नोबेल मिळाले. संग्राहक नलिकेतले द्वार १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखले.

व्ही-२चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून त्यात बिघाड असला तर आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. असे बाळ जन्मानंतर काही आठवड्यांतच सुकायला लागते. त्याला कारण न सापडणारा ताप येतो, उलट्या होतात, वजन वाढत नाही, लंगोट सतत ओला. तपासले तर रक्तात व्हॅसोप्रेसिन भरपूर असते. संप्रेरक टोचूनही काही फरक पडत नाही. इथे ग्रंथी निर्दोष आहे, निरोप वेळेवर निघाला आहे, मूत्रपिंडापर्यंत पोचलाही आहे. ऐकणारा मात्र जागेवर नाही. वेळेत ओळखले, भरपूर पाणी दिले, आहारातले मीठ कमी केले आणि योग्य औषधे दिली तर हे मूल वाढते, शाळेत जाते. ओळखले नाही तर वारंवार पाणी कमी पडल्याने मेंदूला इजा होऊ शकते. बालरोगतज्ज्ञांनी पुस्तकातला हा भाग सावकाश वाचावा.

दुसरे स्थळ त्याच पेशीच्या आत आहे आणि त्याची कथा मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. आल्डोस्टेरॉनचा ग्राही पेशीच्या आवरणावर नसतो. संप्रेरक पेशीत शिरते, आत ग्राहीला भेटते, दोघे मिळून केंद्रकात जातात आणि ठरावीक जनुके चालू करतात. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सॉल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने या ग्राहीचे जनुक वेगळे केले आणि एक पेच समोर आला. हा ग्राही आल्डोस्टेरॉनला जितक्या घट्ट धरतो तितक्याच घट्ट कॉर्टिसॉललाही धरतो. आणि रक्तात कॉर्टिसॉल आल्डोस्टेरॉनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. म्हणजे हा ग्राही कायम कॉर्टिसॉलनेच भरलेला असायला हवा. मग आल्डोस्टेरॉन त्याच्यापर्यंत पोचते कसे?

उत्तर १९८८ मध्ये मेलबर्न आणि एडिंबरा इथल्या दोन गटांनी दिले. या पेशींत एक एन्झाइम ग्राहीजवळ पहारा देते. आत आलेल्या कॉर्टिसॉलचे ते लगेच कॉर्टिसोन करते, आणि कॉर्टिसोनला हा ग्राही धरत नाही. आल्डोस्टेरॉनला ते हात लावत नाही. म्हणजे निवड ग्राहीत नव्हती, त्याच्या शेजाऱ्यात होती.

या शोधाकडे नेणाऱ्या धाग्यांपैकी एक होता ज्येष्ठमध. १९४०च्या दशकात हॉलंडमधल्या एका डॉक्टरने पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणाला गुण आला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली, रक्तदाब वाढला. आल्डोस्टेरॉन फाजील झाल्यासारखे हे चित्र, पण अशा रुग्णांच्या रक्तात आल्डोस्टेरॉन उलट कमी भरते. ज्येष्ठमधातले द्रव्य पहारेकरी एन्झाइमला बंद पाडते आणि कॉर्टिसॉल मोकळेपणाने ग्राहीवर जाऊन बसते, हे पुढे कळले. आपल्या घरोघरी खोकल्यावर ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतात. दोन दिवस धरल्याने काही होत नाही. पण ज्याला रक्तदाब आहे त्याने त्याचे चूर्ण किंवा काढा आठवडेच्या आठवडे घेतला, तर बीपीच्या गोळ्या का लागू पडत नाहीत याचे उत्तर त्या डबीत असू शकते.

याच ग्राहीचा आणखी एक धडा २००० साली मिळाला. अमेरिकेत एका कुटुंबात लहान वयातच तीव्र रक्तदाब होता आणि स्त्रियांचा तो गरोदरपणी फार वाढत असे. त्यांच्या ग्राहीत ८१०व्या जागी सेरीनऐवजी ल्यूसीन हे अमिनो आम्ल होते. एवढ्या एका बदलाने ग्राही प्रोजेस्टेरॉनचे ऐकू लागला होता, आणि गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढते. एरवी हा ग्राही अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही या रुग्णांत त्याला उलट चालना देत होते.

इतर ग्राहींबद्दल इथे थोडक्यात. हृदयाच्या कप्प्यांतून मीठ बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक निघते, हे १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी दाखवले. त्याचा ग्राही स्वतःच एन्झाइमचे काम करतो. परावटू संप्रेरक आणि हाडांतून निघणारे एफजीएफ-२३ नलिकेच्या पहिल्या तुकड्याला फॉस्फेट सोडून द्यायला लावतात. मूत्रपिंड स्वतःही ग्रंथी आहे. रेनिन, रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपॉएटिन आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तिथेच तयार होते. म्हणून मूत्रपिंड निकामी झाले की रक्त कमी होते आणि हाडे ठिसूळ होतात.

या क्षेत्रात एक मोठा वाद आहे आणि पुस्तकात आम्ही तो झाकलेला नाही. कायमचा वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाशिवाय संभवत नाही, असे मिसिसिपीच्या आर्थर गायटन यांचे घराणे मानते. मूत्रपिंड मीठ टाकायला ज्या दाबाची मागणी करते, तोच शरीराचा दाब. दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या, मज्जासंस्था आणि रोगप्रतिकारक पेशी यांना अग्रस्थान देणारे अभ्यासक आहेत. या वादात एक प्रयोग मला निर्णायक नसला तरी वजनदार वाटतो. ड्यूक विद्यापीठात थॉमस कॉफमन आणि स्टीव्हन क्राउली यांच्या गटाने अँजिओटेन्सिनचा एटी-१ ग्राही नसलेले उंदीर घेतले आणि साध्या उंदरांशी मूत्रपिंडांची अदलाबदल केली. ग्राही फक्त मूत्रपिंडात आहे असे उंदीर तयार झाले, आणि ग्राही फक्त उरलेल्या शरीरात आहे असेही. मग त्यांना सतत अँजिओटेन्सिन दिले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्यांच्या मूत्रपिंडात ग्राही होता त्यांचाच दाब टिकून वाढला, त्यांच्याच हृदयाची भिंत जाड झाली. येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांनी अभ्यासलेल्या आनुवंशिक रक्तदाबांची जनुकेही जवळपास सगळी मूत्रपिंडातल्या मिठाच्या हिशेबाशी जोडलेली निघाली. माझा कल त्यामुळे गायटन यांच्याकडे आहे. पुस्तकातल्या दोन लेखकांचा नाही, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहे.

हे सगळे मराठी वाचकाने आत्ता का वाचावे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. मूत्रपिंड निकामी होण्याची ही दोन प्रमुख कारणे. डायलिसिससाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण डायलिसिस शेवटच्या टप्प्यावरचे. त्याच्या कितीतरी आधी उपयोगी पडणारी जी औषधे आहेत, त्यांपैकी बरीच ग्राहींच्या या ज्ञानातून निघाली. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासातून अँजिओटेन्सिन तयारच होऊ न देणारे कॅप्टोप्रिल आले, १९८१ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. पुढे १९९५ मध्ये थेट एटी-१ ग्राही अडवणारे लोसार्टन आले. मधुमेहात मूत्रपिंडाची घसरण ही औषधे लांबवतात, हे १९९३ आणि २००१ मधल्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले. आल्डोस्टेरॉनचा ग्राही अडवणारे फिनेरेनोन २०२१ पासून वापरात आहे.

औषधे आहेत, पण ती कशी काम करतात हे न समजल्याने रोज नुकसान होते. अँजिओटेन्सिन गुच्छातून बाहेर पडणारी वाहिनी आवळते आणि त्यामुळे गुच्छातला दाब टिकतो. औषधाने ग्राही अडवला की ती वाहिनी सैल पडते, दाब उतरतो, गाळणे किंचित कमी होते. रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढते. पहिल्या काही आठवड्यांतली ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. ती औषध काम करत असल्याची खूण आहे, आणि दाब उतरल्यामुळेच गुच्छ पुढची वर्षे टिकतो. पण रिपोर्टवरचा आकडा वाढलेला दिसला की रुग्ण घाबरतो, ‘या गोळीने किडनी खराब झाली’ असे शेजारी सांगतात आणि गोळी बंद होते. जिने मूत्रपिंड वाचवायचे तीच गोळी.

उलट बाजूही तितकीच खरी. गुच्छात येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, आणि दुकानात सहज मिळणाऱ्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. मे महिन्यात विदर्भात उन्हात राबणारा माणूस बीपीसाठी लोसार्टन घेतो, सुजेसाठी लघवीची गोळी घेतो, घामाने त्याचे पाणी कमी झालेले असते आणि सांधे दुखतात म्हणून तो आठवडाभर डायक्लोफेनॅक घेतो. येणारी वाहिनी आवळली, जाणारी सैल पडली, रक्तच कमी. गुच्छात दाब उरत नाही आणि मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडते. यातले प्रत्येक औषध एकट्याने योग्य असू शकते. एकत्र आले की घात होतो. तीन औषधे आणि दोन वाहिन्या कळल्या तर हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

म्हणून हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे. पहिला, वैद्यकाचा, औषधनिर्माणशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा विद्यार्थी, जो इंग्रजीत परीक्षा देतो पण मराठीत विचार करतो. दुसरा, ज्याच्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण आहे असा जिज्ञासू माणूस. लेखकांत शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षक आहेत, मूत्रपिंडतज्ज्ञ आहेत, जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले आहेत. प्रत्येकाची शैली वेगळी आहे आणि ती आम्ही एकसारखी केलेली नाही. रचना नेफ्रॉनच्या क्रमाने जाते, गुच्छापासून संग्राहक नलिकेपर्यंत, आणि प्रत्येक तुकड्यावर कोण ऐकते हा एकच प्रश्न विचारते. डायलिसिस आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे हे विषय घेतलेले नाहीत, त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे. इन्सुलिन आणि स्त्री-पुरुष संप्रेरकांचा मूत्रपिंडावरचा प्रभाव थोडक्यात आला आहे. ही उणीव आहे आणि पुढच्या आवृत्तीत ती भरून काढायची आहे. शिक्षकांना विनंती आहे की आकृत्या वर्गात वापराव्यात आणि जिथे विद्यार्थी अडतो ती जागा आम्हाला कळवावी.

पुस्तकात औषधांची नावे जागोजागी आहेत, त्यांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. वाचून कोणी चालू गोळी स्वतःहून बंद करू नये, नवी सुरू करू नये. पुढच्या तपासणीला जाताना मात्र जुने-नवे सगळे रिपोर्ट आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी बरोबर न्यावी. दुखण्याच्या गोळ्या, काढे आणि चूर्णेही तिच्यात लिहावीत.